विहिरीवरची बाई

आमच्या घरात कुठलीही वस्तू नुसती पडून राहत नाही. काही दिवसांनी ती आपोआप चालायला लागते, बोलायला लागते, नाहीतर कोपऱ्यातून लाल दिवा लावून माझ्याकडे बघत बसते. हे सगळं माझ्या नवऱ्याचं कर्तृत्व. बोरीच्या अलीकडे एका खेड्यात ते शाळेवर मास्तर आहेत. शाळा सुटली की त्यांचा खरा दिवस सुरू होतो. हातपाय धुवायच्या आधी ते कॉम्प्युटर चालू करतात आणि मग आतल्या खोलीतून फक्त पंख्याचा आवाज येत राहतो. पंखासुद्धा कॉम्प्युटरला आहे, मास्तरांना नाही. पूर्वी त्या खोलीत आम्ही धान्य ठेवायचो. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून गव्हाची पोती ओसरीत आली आणि त्यांना उंदीर लागले. उंदरांना घाबरवायला मास्तरांनी एक शिट्टी वाजवणारं यंत्र मागवलं. त्या शिट्टीनं शेजारचं कुत्रं गाव सोडून गेलं, उंदीर मात्र रमले.

मध्यंतरी फरशी झाडणारं एक गोल यंत्र घरात फिरत होतं. ओसरीत मी तूर वाळत घातली होती. यंत्रानं ती मनापासून खाल्ली आणि घशात अडकून ओरडायला लागलं. मास्तर ते उलटं करून, पेचकस घेऊन संध्याकाळपर्यंत बसले आणि मी त्यांच्या भोवतीनं झाडून घेतलं. त्यानंतर बोलणारा डबा आला. त्याला आपण सांगायचं आणि त्यानं दिवा लावायचा. त्याला आमची भाषा समजेना, म्हणून मास्तर त्याच्याशी पुण्याच्या पाहुण्याशी बोलावं तसं बोलायचे. ‘कृपया दिवा बंद कर’ म्हणायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या तोंडून कृपया हा शब्द मी त्या डब्याच्या निमित्तानं पहिल्यांदा ऐकला.

हे सगळं मी चालवून घेतलं. माणसाला काहीतरी नाद असतोच, आणि पत्ते कुटण्यापेक्षा हा बरा, असं मी स्वतःला आणि विचारणाऱ्या बायकांना सांगत आले. पण हा नाद शेतात शिरला तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं, कारण शेत माझं होतं. सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे ते सोडा. पेरणीपासून खळ्यापर्यंत तिथं मी राबते आणि विहिरीवरची मोटार मी चालू करते. वीज एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री, आणि दोन्ही आठवडे तिच्या मनाला येईल तेव्हा. दिवसाची पाळी असली की दुपार कलल्यावर मी गावातून निघायची, ओढा ओलांडायची, विहिरीवर पोचले की पत्र्याच्या पेटीतलं हिरवं बटन दाबायची. पाणी पिकाकडे जाणाऱ्या मातीच्या दांडाला लागलं की कडुनिंबाच्या सावलीत बसायची.

दिवसभरात तेवढीच एक जागा माझी होती. घरात मी कुणाची तरी काहीतरी असते. तिथं फक्त मी आणि पाण्याचा आवाज. आणि रोज संध्याकाळी येणारा माझ्या आईचा फोन बहुतेक तिथंच यायचा.

आई वालूरला असते. तिला लिहिता-वाचता येत नाही. तिच्याकडे बटनांचा फोन आहे आणि त्यातलं दोनचं बटन दाबून धरलं की मला लागतो, एवढंच तिला माहीत आहे. ही सोय मास्तरांनीच करून दिली होती, श्रेय द्यायला पाहिजे. आई फोन करते म्हणजे एक रिंग देते आणि तोडते. पूर्वी पैसे वाचवायला देत होती. आता महिनाभर कितीही बोला तरी पैसे तेवढेच, हे तिला भावानं समजावून सांगितलं, तिनंही मान डोलवली आणि पुन्हा एकच रिंग दिली. तिच्या हिशेबानं लेकीनं आईला फोन करायचा असतो. आईनं फक्त आठवण द्यायची. मग मी उलटा फोन लावायची आणि आम्ही अंधार पडेपर्यंत बोलायचो. काय बोलायचो ते विचारू नका. म्हशीचं, भावजयीचं, गुडघ्याचं. पण त्या बोलण्यावर माझा दुसरा दिवस निघायचा.

हरभरा काढायच्या दिवसांत एकदा मास्तर परभणीहून एक खोकं घेऊन आले. त्यात विहिरीवर बसवायचं यंत्र होतं. त्याला फोन लावला की घरबसल्या मोटार चालू होते. अशी यंत्रं आता पुष्कळांच्या विहिरींवर आहेत आणि नीट चालतात. पण दुकानातून आणलेली वस्तू आहे तशी लावणं हा मास्तरांना स्वतःचा अपमान वाटतो. मूळ यंत्रात आधी फोन लावायचा, मग आकडा दाबायचा, अशी पद्धत होती आणि ठरावीक नंबरांचंच ते ऐकायचं. मास्तरांनी तो बंदोबस्त काढून टाकला. आता कुणीही नुसती रिंग दिली की मोटार चालू, पुन्हा दिली की बंद. ह्याला ते सुटसुटीतपणा म्हणाले. मूळ यंत्रात एक पुरुषी, कोरडा आवाज होता, तोही त्यांना पसंत पडला नाही. कॉम्प्युटरकडून त्यांनी बायकी आवाज बनवून घेतला. त्यासाठी आठवडाभर दार लावून ते वेगवेगळ्या बायका ऐकत बसले होते. शेवटी एक ठरली. गोड, शहरी, अदबशीर. रिंग वाजली की ती उचलायची आणि म्हणायची, ‘नमस्कार. काळजी करू नका, मी आहे. मोटारीचं मी बघते.’

हे वाक्य मास्तरांनी स्वतः लिहिलं होतं. मोटारीचं आजवर बघणारी तिथंच दारात उभी होती, पण तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

त्या यंत्राला सिमकार्ड लागतं. मास्तरांनी मला टचचा नवा फोन घेतला होता, त्यात नवीन नंबर टाकला आणि माझं जुनं सिम काढून यंत्रात घातलं. मी म्हटलं, त्यावर आईचा फोन येतो. ते म्हणाले, आईला नवा नंबर सांग, एवढ्याशा गोष्टीसाठी जुनं सिम अडकवून ठेवायचं का. आणि वर म्हणाले की आता तुला विहिरीवर जायचीच गरज नाही, तुझे कष्ट मी कायमचे संपवले. तोंडावर असा भाव होता की मी आता पाया पडावं.

मी नव्या नंबरावरून आईला फोन लावला. तिनं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, नाही. मग ध्यानात आलं. भावानं तिला बजावून ठेवलं होतं की लेकीच्या फोनची रिंग वेगळी आहे, ती सोडून दुसरी वाजली तर उचलायची नाही, बँकेतले पैसे जातात. आईनं असं काही एकदा ऐकलं की मग ब्रह्मदेव आला तरी उचलत नाही. भाऊ हार्वेस्टर घेऊन बाहेरगावी गेला होता, भावजय बाळंतपणाला माहेरी. भावाला मी फोनवर सांगितलं, तो म्हणाला, गावी आलो की आईच्या फोनात नवा नंबर घालतो, कशाला जीव टांगणीला लावतीस. वालूर काही सातासमुद्रापार नाही, एसटीनं तासा-दीड तासाचं काम. पण कापलेला हरभरा रानात पडलेला आणि आभाळ रोज भरून यायचं. आज जाते, उद्या जाते, करत मी काढणीत अडकले.

इकडे मास्तरांच्या यंत्राला वेगळाच रोग झाला. वीज असेल त्या दिवशी दिवेलागणीला मोटार आपली आपण चालू व्हायची. कुणी बघायला नसायचं, दांड फुटायचा, शेजाऱ्याच्या वाळलेल्या ज्वारीत पाणी शिरायचं आणि शेजारी शिव्या घालत दारात यायचा. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, ही आईची रिंग आहे. मास्तर हसले. म्हणाले, आई एवढ्या वेळच्या वेळी कसा फोन करतील, हे घड्याळाचं काम आहे, आत कुठंतरी सर्किट तापतंय. त्यांनी कॉम्प्युटरवर तक्ता काढला, तपमान, वीज, दाब. उभ्या रेघा, आडव्या रेघा, मधे लाल ठिपके. सगळे ठिपके दिवेलागणीला. तो तक्ता त्यांनी इंटरनेटवरच्या कुठल्याशा मंडळींना पाठवला आणि तिथल्या शहाण्यांनी कळवलं की विहिरीजवळची दमट हवा हे कारण असावं. सासूची सवय हे कारण कुणाच्याच यादीत नव्हतं. मास्तरांनी यंत्राला प्लॅस्टिकची पिशवी बांधली.

मग एका रविवारी सकाळी दारात जीप थांबली. भाऊ उतरला, मामा उतरले आणि मागून आई. मला इतका आनंद झाला की मी पिठाच्या हातानं धावले. आईनं मला जवळ घेतलं आणि चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला. मी पाणी आणलं. तिघांपैकी कुणीही तांब्याला हात लावला नाही. आमच्याकडे माहेरची माणसं लेकीच्या घरचं पाणी कधी नाकारतात, ते मला माहीत होतं. लेकीला परत न्यायला आलेली असतात तेव्हा.

मास्तर मात्र खूश. यंत्राची कीर्ती वालूरपर्यंत गेली आणि पाहुणे बघायला आले, अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी लुंगी बदलून पँट घातली.

मामा आमच्या नात्यातले बैठकीचे माणूस. कुठं वाटणी असो, सोडचिठ्ठी असो, ते पुढं बसतात. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सबुरीनं सुरुवात केली. जावईबापू, मामला नाजूक आहे, आरडाओरड करायला आम्ही आलो नाही, पण खुलासा पाहिजे. आमच्या बहिणीनं रोज फोन केला. लेक उचलत नाही. तिचा नंबर बदलला म्हणतात, अन् जुन्यावर एक बाई उचलती.

“ती बाई कोण हाय, कुठली हाय, अन् कदीपासून ठिवलीय, एवढं सांगा,” मामा म्हणाले. “इज्जतीचा सवाल हाय. लेकरू आमचं हाय.”

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. मी मात्र सगळं समजले आणि हसावं का रडावं ते कळेना. आई ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. तिनं खाली बघत जे घडलं ते सांगितलं. पहिल्यांदा नेहमीसारखी एक रिंग देऊन तोडली, माझा फोन आला नाही. असे दिवस गेले. मग न राहवून एका संध्याकाळी तिनं फोन कानाला तसाच धरून ठेवला, आणि ती बाई बोलली. आईनं विचारलं, तू कोण गं बाई. ती म्हणाली, काळजी करू नका, मी आहे. आईनं विचारलं, माझी लेक कुठं हाय. ती म्हणाली, मोटारीचं मी बघते. त्यानंतर रोज आई फोन लावायची आणि रोज ती बाई तेच सांगायची, तितक्याच गोडीनं.

भाऊ मास्तरांकडे बघत बाह्या सरसावून बसला होता. एवढ्या वर्षांत मास्तरांवर असा आरोप पहिल्यांदाच आला होता, आणि खरं सांगते, क्षणभर ते थोडे सुखावलेले दिसले. मग ते भानावर आले. घाईघाईनं त्यांनी सगळा उलगडा केला. कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा म्हणाले, चला विहिरीवर, डोळ्यांनी बघा.

आम्ही सगळे जीपनं विहिरीवर गेलो. नशिबानं वीज होती. मास्तरांनी पिशवी सोडली, पेटीचं झाकण उघडलं आणि मामांना त्यांच्याच फोनवरून रिंग द्यायला लावली. बाईनं नमस्कार केला. मोटार गुरगुरली आणि पाइपातून पाणी धो धो पडलं.

मामा दचकून मागं सरले. मग त्यांनी पुन्हा रिंग दिली, पाणी थांबलं. पुन्हा दिली, पाणी आलं. त्यांच्या चेहऱ्यावर जत्रेतल्या पोराचं हसू पसरलं. भावानं बाह्या खाली केल्या आणि पेटीत डोकं घातलं. काही वेळानं तो दाजी-दाजी करत कितीला पडलं, बॅटरी किती टिकती, दोन विहिरींना एकच चालंल का, असं विचारायला लागला. मास्तर खुलले. तिघं पेटीभोवती उभे राहून जे बोलत होते त्यात मामला नव्हता, इज्जत नव्हती आणि लेकरू तर नव्हतंच. बाई खोटी निघाली, प्रश्न मिटला. आपण कशासाठी एवढ्या लांब आलो, ते त्या दोघांनी पाइपातल्या पाण्यासोबत सोडून दिलं. मामांनी तर मला हाक मारून चहा टाकायला सांगितलं, विहिरीवर.

आई आणि मी कडुनिंबाखाली बसलो होतो. तिचं लक्ष पाण्याकडे नव्हतं.

मी म्हटलं, “आई, तुला बी तसंच वाटलं का गं? ह्यांनी बाई ठिवली म्हणून?”

“न्हाई माय,” ती म्हणाली. “ते तुझा मामा म्हणला. मला ते सुचलं बी न्हाई.”

“मग?”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “ती रोज म्हणायची, मी हाय. मला वाटलं, तू न्हाईस. तुझं काई बरंवाईट झालंय, जावयानं दुसरी केलीय, अन् मला म्हातारीला कुणी सांगंनात. तुझा भाऊ म्हणायचा ती बरी हाय, मला वाटलं समजूत घालतोय. तरी रोज लावायची. म्हटलं एखांद्या दिशी तू उचलशील.”

मला भयंकर राग आला. यंत्राचा नाही. यंत्राला काय कळतंय. पेटीभोवती उभ्या असलेल्या त्या तीन शहाण्यांचा राग आला. माझी आई इतके दिवस मी मेले असं समजून रोज संध्याकाळी फोन लावत होती, आणि ह्यांचं चाललं होतं की आवाज थोडा मोठा करता येईल का.

मी उठले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, माझं सिम मला परत द्या. मास्तर म्हणाले, आता काढलं तर सगळं पहिल्यापासून बसवावं लागेल, हंगाम होऊ दे. भाऊ म्हणाला, चालू यंत्राला हात लावू नये. मामांनी निवाडा केला की आईच्या फोनात नवा नंबर टाका, भानगड खतम. भावानं लगेच आईच्या हातातला फोन घेतला, बरीच बटनं दाबली आणि झालं म्हणून परत दिला. जाताना तिघाही पाहुण्यांनी घरी चहा घेतला, वर पोहेही खाल्ले. लेक नांदती राहिली आणि भावाला यंत्र मिळणार होतं, सगळ्यांचं समाधान झालं.

आई जीपमध्ये बसली तेव्हा मी तिच्या कानात विचारलं, नवा नंबर कुठल्या बटनावर टाकलाय. ती म्हणाली, मला काय म्हाईत माय, मी तर दोनचंच दाबीन.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत गेल्यावर मी विहिरीवर गेले. पेचकस त्यांचाच घेतला, त्या एका वस्तूची घरात कधी टंचाई नसते. खटका पाडून वीज तोडली, पिशवी फाडली, यंत्राचं पोट उघडलं आणि माझं सिम बाहेर काढलं. माझ्या फोनात दोन सिमं बसतात, हे मला त्या फोनच्या खोक्यावरच्या चित्रातून कळलं होतं. मास्तरांनी कधी सांगितलं नव्हतं. जुनं सिम मी नव्याच्या शेजारी बसवलं. मोटारीची जुनी तार होती तशी हिरव्या बटनाला जोडली, झाकण लावलं आणि फुटलेल्या दांडावर माती भरत बसले.

दिवेलागणीला जुन्या नंबरावर एक रिंग आली आणि तुटली.

मी त्याच नंबरावरून उलटा फोन लावला. आईनं पहिल्याच रिंगला उचलला. माझा आवाज ऐकून तिनं दोनदा विचारलं, तूच न्हवं गं. मग एकदम म्हशीचं सांगायला लागली. मी ऐकत राहिले. मधेच फोनात टूं टूं व्हायला लागलं. मास्तरांचा फोन येत होता, त्या जुन्या नंबरावर. त्या संध्याकाळी ते चौकातल्या हॉटेलवर बसले होते, आणि ती बाई ऐकायला गावातली चार माणसं भोवती जमली होती. मी आईला थांब म्हटलं आणि उचलला.

पलीकडून मास्तर कुणाला तरी सांगत होते, ऐका आता, कशी गोड बोलती.

“बोला,” मी म्हटलं.

पलीकडे कपबशी आपटल्याचा आवाज आला. मग मास्तर हळूच म्हणाले, “तू? अगं, मोटार?”

“मोटार हिरीवर हाय. हिरवं बटन दाबायचं अस्तं. ओढ्यातून जरा जपून जा.”

मी त्यांचा फोन ठेवला आणि आईकडे वळले.

“कोण व्हतं गं?” आईनं विचारलं.

“कुणी न्हाई,” मी म्हटलं. “चुकून लागला व्हता. तू सांग, म्हैस आटली का?”